पदराखालच्या गोळ्या

तासगावच्या चंद्राबाईंचं आणि त्यांच्या धाकट्या दिराचं, जोतीरामचं, कधी पटलंच नाही. नवरा वारल्यावर द्राक्षबाग त्या एकट्यानं रेटत होत्या. मुलगा धैर्यशील फौजेत. अठ्ठ्याण्णव साली छाटणी करताना त्यांचा डावा हात आपोआप झटके द्यायला लागला. मग एकदा बागेतच शुद्ध हरपली. जोतीरामनं गावभर केलं, वैनीचं डोकं फिरलं. धैर्यशीललाही तेच कळवलं, वर बाग माझ्याकडं दे म्हणून सुचवलं.

सांगलीच्या डॉक्टर अवधूतांनी सीटी स्कॅन केला. त्यात मेंदूत एक कडक ठिपका दिसला. पुण्याहून एमआरआय काढून आणला, त्यात सूज दिसली, ठिपका नाही. पण दोन्ही वेळा डोकं वेगळं कललेलं. ठिपका सुजेच्या पोटात आहे की बाजूला, गाठ एक की दोन, काही कळेना. आणि ते कळल्याशिवाय कवटी उघडायची कुठं? शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. डोक्यावर चार जागी केस भादरून तेल भरलेल्या औषधाच्या मऊ गोळ्या चिकटवल्या. दोन्ही यंत्रांत त्या दिसतात. दोन्ही फोटोंत गोळीवर गोळी बसली की आतलंही आपोआप जुळेल, म्हणाले. सीटी तिथंच पुन्हा केला आणि गोळ्या तशाच ठेवून बाईंना एमआरआयसाठी पुण्याला धाडलं. सोबतीला दुसरं कोण? जोतीरामच.

एसटीत तो धुसफुसत होता. असली सोंगं घेऊन माणसांत हिंडायचं, घराण्याची लाज काढायची, असं त्याचं चाललेलं. चंद्राबाईंनी खिडकीकडं तोंड फिरवलं. मागं डोकं टेकायचीही सोय नव्हती, गोळी सरकली असती. कऱ्हाड मागं पडलं तसा वाऱ्यानं पदर घसरला. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पदर सारखा करायच्या मिषानं जोतीरामनं हात घातला आणि एक गोळी ओरबाडून काढली.

चंद्राबाईंनी त्याचं मनगट धरून पिरगाळलं.

"दुसरीला हात लावलास तर हात मोडून ठीवीन," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण सगळ्या गाडीनं ऐकलं. आजवर दिराला त्यांनी कधी एकेरी हाक मारली नव्हती.

जोतीराम उठून मागं जाऊन बसला. बाई पुण्यापर्यंत ताठ राहिल्या.

"तीन शिल्लक आहेत, भागेल," पुण्याचे फोटो सांगलीत हातात आल्यावर डॉक्टर अवधूत म्हणाले. खुणा एकमेकींवर बसल्या. ठिपका सुजेच्या मधोमध होता. गाठ एकच.

तीच काढली. झटके थांबले; डाव्या हाताला मात्र पहिल्यासारखा जोर आला नाही. धैर्यशील रजेवर आला, त्यानं चुलत्याची समजूत घालून त्याला दवाखान्यात आणलं. जोतीराम खाटेपाशी शहाळं घेऊन उभा राहिला, चुकलं म्हणाला.

"ते भाईर ठेव," चंद्राबाई मुलाला म्हणाल्या, "आणि ह्यास्नी वाट दाखव."

घरी आल्यावर त्यांनी मजूर लावून आपल्या नि जोतीरामच्या बागेच्या मधे काटेरी तारेचं कुंपण घातलं.