सहावा सेल

गॅरंटी संपली की वस्तूही संपते, हे तुम्हाला कोणी पटवून दिलं?

आमच्या जीपच्या बॅटरीची गॅरंटी संपली आणि महिन्याभरात ती बसली. रोज सकाळी निम्मी गल्ली धक्का मारायला यायची. हसू यायचं, पण शेजारच्या काकूंचे दिवस भरत आले होते, आणि टेंभुर्णीहून जालन्याच्या दवाखान्यात त्यांना आमच्याच जीपनं न्यायचं ठरलं होतं. दुकानदारानं कार्डावरची तारीख पाहिली, बॅटरीकडे पाहिलंच नाही. "नवीच घ्या," म्हणाला. ती यायला मात्र पंधरा दिवस लागणार होते.

वडील बॅटरी घेऊन रस्त्याकडेच्या मिस्त्रीचाचांकडे गेले, मागोमाग मीही. चाचांनी काचेच्या नळीनं बॅटरीच्या सहाही सेलांतलं, म्हणजे कप्प्यांतलं, पाणी ओढून पाहिलं. पाच वेळा नळीतली कांडी वर तरंगली, सहाव्या वेळी तळाशीच राहिली.

"एकच सेल गेला, भाऊ. पाच बिलकुल बराबर हायेत. एकासाठी सगळ्यांना कशाला फेकून राह्यले?"

"दुकानदार म्हणतो, दुरुस्त होत न्हाई," वडील म्हणाले.

"त्याला विकता येतं, मला खोलता येतं!"

चाचांनी बॅटरीचं तोंड बंद करणारं वरचं डांबर तापवून उकरलं, सेल बदलला आणि बॅटरी दोन दिवस चार्जिंगला लावली. त्या डांबराचा वास मला अजून आवडतो. चौथ्या दिवशी काकूंना कळा सुरू झाल्या. वडिलांनी चावी फिरवली आणि जीप एका झटक्यात सुरू झाली.

तुमची बॅटरी बसली, तर नवी घेण्याआधी एवढं करा: प्रत्येक सेल तुमच्यासमोर तपासून दाखवायला सांगा.