पोलादपूरच्या डोंगरात, लेकीच्या वर्गात

मृणालचा फोन आला तेव्हा मी कडवे वाल सोलत होते. माझी लेक जूनपासून पोलादपूर तालुक्यातल्या एका डोंगरवाडीत शिक्षिका आहे. शाळा एका खोलीची, वर्ग पहिली ते चौथी आणि शिकवायला ती एकटी. “आई, मला नाही जमत. मी राजीनामा देते,” ती म्हणाली. घसा पार बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पनवेलहून महाडची एसटी धरली.

या भागात यायचं तर दिवाळीनंतर या. भातं कापून झालेली असतात, ओढ्यांना पाणी असतं आणि ऊन सोसवतं. महामार्ग आता रुंद झालाय, तरी माणगावात गाडी अडकतेच; हाताशी वेळ ठेवा. बायकांना एसटीत निम्मं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात होतो.

महाडला उतरल्यावर खरं तर पोलादपूरची गाडी पकडायची. पण शाळा सुटायच्या आत काही मी पोहोचत नव्हते, आणि समोर रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडची गाडी लागलेली. माझी शिक्षिकेची पहिली नोकरी त्याच अंगाची. बसले.

पाचाडला एका खानावळीत तांदळाची भाकरी, पिठलं आणि ठेचा खाल्ला. पोटभर आणि गरम. जवळच्याच वाडीत माझी शाळा होती. माझ्याकडेही चार वर्ग एकत्रच असायचे. मुलांना अंगणात गोल बसवायचं, करवंदांच्या बियांवर बेरजा करायच्या, चौथीतल्या मुलीने पहिलीतल्याचं बोट धरून अक्षर गिरवून घ्यायचं. गाणी मीच रचायची, नाचायचीही मीच. शनिवारी घरी निघाले की पोरं सडकेपर्यंत सोडायला यायची. खानावळीच्या बाईंना मी हे सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, “तवा मी हितं नव्हते. मागनं लग्न करून आले.” मग त्यांनी मला आणखी पिठलं वाढलं. वाडीपर्यंत मात्र मी गेले नाही.

महाडला परतून पोलादपूर गाठलं. तिथून मृणालच्या वाडीला दिवसातून मोजक्या जीपा जातात. शेवटची चुकवू नका. वाडीत जीप थांबते तिथे मृणाल मला न्यायला उभी होती. गालफडं बसलेली. ती भाड्याने राहते त्या घरच्या काकूंनी चहा देता देताच मला सांगितलं, “बाई, तुमची लेक दिसभर वरडत असते. एकाला शिकवाया गेली की बाकीची पोरं उंडारतात.”

सकाळी वर्गात मृणालनेच खडू माझ्या हातात दिला. मग काय! मुलांना गोलात बसवलं, टाळ्यांवर पाढे घेतले, हत्तीची चाल करून दाखवली. मुलं खदखदून हसली. तास कधी संपला कळलंच नाही. माझं वय जणू पाचाडच्या सडकेवर गळून पडलं होतं. मनात म्हटलं, झालं काम, आता पोरगी शिकेल.

संध्याकाळी अंगणात बसल्यावर मृणाल शांतपणे म्हणाली, “आई, तुझ्या तासाला सगळे रमले. पण सानिकाला आजही एक ओळ वाचता आली नाही. आणि मला असं नाचता येत नाही. मी तू नाहीये.”



सानिका म्हणजे काकूंची नात, तिसरीतली. आईबाप मुंबईला कामाला. वर्गात ती तोंड उघडत नसे. तीच सानिका तेवढ्यात आजीचा मोबाइल घेऊन ओट्यावर बसली आणि वडिलांना निरोप बोलून पाठवू लागली: “पप्पा, आपल्या गायला पाडा झाला. लय उड्या मारतो. तू कवा येशील? आजी बोलते येनार नाय.” एका दमात. मृणाल मान वर करून ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने सानिकाला जवळ घेतलं, कालचा निरोप फळ्यावर लिहू का म्हणून विचारलं. सानिकाने मान हलवली. मृणालने तो तिच्या बोलीत जसाच्या तसा लिहिला. ‘नाय’ पाहिल्यावर मी सवयीने उठले, खडूकडे हात गेला. मृणालने तो धरला. “पुस्तकातलं ‘नाही’ तिला उद्या दाखवीन. आज तिचं तिला वाचू दे.”

सानिका एकेका शब्दाखाली बोट ठेवत गेली. पप्पा. आपल्या. गायला. ‘येनार नाय’पाशी आल्यावर ती थांबली, परत पहिल्यापासून वाचलं, आणि मृणालकडे वळून म्हणाली, “ह्ये तर मीच बोलले ते हाय.”

मग प्रत्येकाला आपापला निरोप हवा झाला. चौथीतल्या मुली पहिलीतल्यांचे निरोप पाटीवर लिहून देऊ लागल्या, लिहिणारी विचारी आणि सांगणारा सांगे. वर्गात गलका होता, पण कुणी उंडारत नव्हतं. मृणाल एका गटापासून दुसऱ्याकडे हळू आवाजात बोलत फिरत होती. तिला ओरडावं लागलं नाही. मी दाराशी बसून पाहत राहिले.

जीपपाशी सोडायला आली तेव्हा राजीनाम्याचं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, “वर्ष तर पुरं करते. मग बघू.” तेवढं मला पुष्कळ होतं.

घरी आल्यावर शेजारणीने विचारलं, लेकीला काय शिकवून आलात? काहीच नाही, म्हटलं. ती हसली, पण खरंच तसं होतं. कागदोपत्री मी केव्हाच निवृत्त झाले आहे; तरी कुठलाही वर्ग दिसला की तो आपला वाटायचा. त्या दाराशी बसल्यावर पहिल्यांदा कळलं, माझा तास संपलाय. रात्री पाचाडची पोरं डोळ्यांपुढे आली, थोडं रडू आलं. मग शांत झोप लागली.