टाकी गप्प झाली तेव्हा

शेंडेबाईंमुळे माझी नोकरी राहिली, हे आधी सांगतो. त्या गेल्याचं सांगायला अजून जीभ वळत नाही. तीन आठवड्यांपूर्वी उमरेडच्या बसमधून उतरलो, तर कारखान्याच्या फाटकावरच पहारेकऱ्यानं सांगितलं. आजार आत कधी शिरला, त्यांनाही कळलं नव्हतं म्हणे...

मी कोकणातला, सातवीत शाळा सुटलेला. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या या कारखान्यात यीस्टच्या टाक्या धुवायचो. नवी टाकी लावताना जुनीतलं बादलीभर यीस्ट आम्ही विरजणासारखं तीत ओतायचो. एका थंडीत टाकीचा फेस बसला, बुडबुड थांबली. मग दुसरीही गप्प झाली. साहेबांनी ठरवलं, टाक्यांत साबण राहिला. तिसरी गेली की मीही जायचं. गावाकडची चूल माझ्यावर चालायची.

बाई तिथल्या केमिस्ट. मला बोलावून म्हणाल्या, "काय गा कोकण्या, काहून थरथरून राहिला? टाकी मेली, तू नाही."

त्यांनी मेलेल्या टाकीतलं पाणी बारीक गाळलं, यीस्टचा कण उरू नये इतकं. त्यातलं थोडं गरम केलं, थोडं तसंच ठेवलं. मेलेली पेशी निळी पडते असा रंग घातलेल्या आमच्या यीस्टच्या बशीवर दोन्हींचे थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी गार थेंबाभोवती सगळं ओसाड, कडेला मेलेल्या पेशींची निळी रेघ. गरम थेंबाखाली यीस्ट मजेत वाढलेलं.

दुसरंच यीस्ट शिरलंय, त्या सांगू लागल्या. दिसायला अगदी आपल्यासारखं. ते विष सोडतं. विष आधी पेशीच्या भिंतीला धरतं, मग आतल्या पडद्याला भोकं पाडतं, आणि आतला जीव हळूहळू पाझरून जातो. विष सोडणाऱ्याला मात्र काही होत नाही... त्याला टाकीटाकीत आम्हीच बादलीनं नेलं होतं.

साहेबांसमोर बाई एवढंच बोलल्या, "साबण तापवला तरी साबणच राहते. हे विष गरमीनं मेलं. मंग याले काहून हाकलता, साहेब?"

साहेबांनी बशी हातात घेऊन पाहिली आणि मान्य केलं. जुनं यीस्ट फेकलं, टाक्या वाफेनं धुतल्या, विरजणाची चाल बंद झाली. मी राहिलो.

आता त्यांच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलेलं असतं. दारापाशी माझा पाय अडखळतोच. बाई, तुमचं देणं फिटलेलं नाही. कधीतरी इथंच, न केलेल्या चुकीसाठी कुणाला तरी साहेबांसमोर उभं करतील. त्या दिवशी मी त्याच्या शेजारी उभा राहीन आणि बोलेन.