मुक्या सिनेमातली आय

“हीरोला बाजूला कर ना बाय, मागची माणसं दाव.”

रानशेतचे एक म्हातारे बाबा माझ्या दुकानात येऊन हेच म्हणायचे. डहाणू रोडला मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून पाटीवर बी.ए. मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय. लाजायचं कशाला? बाबांना पाटीचं कौतुक नव्हतं. त्यांना कॉम्प्युटरवर जुने मुके सिनेमे हवे असायचे.

एकदा एक गिऱ्हाईक हसलं. “काय बाबा, एवढी हिरोईन सोडून गर्दीत काय बघता?”

“ती पैशे घेऊन उभी हाय. माझी आय फुकट पळाली.”

त्यांची आय लहान असताना मुंबईची सिनेमा कंपनी डहाणूच्या किनाऱ्यावर आली होती. गर्दी हवी म्हणून अख्खा पाडा बैलगाड्यांतून नेला. मुखवटा घातलेला राक्षस पाण्यातून आला, साहेब ओरडला, “पळा!” पाड्याने राक्षसाला हात जोडले. आमच्याकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे नाचतात ते देवाचे. त्यांना भिऊन पळायचं कसं? शिव्या खाल्ल्यावर सगळे पळाले. ही पोर मात्र मागे वळली आणि हसली. साहेबाला कळेपर्यंत तिचं चित्र घेऊन झालं होतं.

ती वारली तेव्हा बाबा झोळीत होते. तिचा फोटो कधी कुणी काढलाच नाही. “पितरांना पान ठेवताना तोंड आठवावं लागतं,” ते म्हणायचे, “माझ्या डोळ्यासमोर कोण येत नाय.”

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. त्याला नाही म्हणणं जमत नाही. मी चौकशी करत करत जुन्या चित्रपटांच्या एका संग्रहालयापर्यंत पोहोचले. बाबांना शेजारी बसवून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी डहाणू, राक्षस, सगळं ऐकून, नीट शोधून सांगितलं, “तो सिनेमा आता कुठेच नाही. एक तुकडाही उरलेला नाही.”

बाबांनी मान हलवली.

“पण तवा मुंबईत दावला असंल ना?”

“हो. थिएटरात.”

“मंग लोकांनी पायली असंल तिला.”

“पाहिली असेल, बाबा.”

त्यानंतर ते आले नाहीत. पावसाळ्यात गेल्याचं कळलं. फोन झाला त्या दिवशी उठताना एवढंच म्हणाले होते,

“तिला पायणाऱ्यांतलं कोण जिवंत असंल का गं? इचारलं असतं, कशी दिसत होती.”