काचेपलीकडचा हेमू

आयसीयूच्या काचेबाहेर उभं राहून हेमूच्या आईने, म्हणजे काकूंनी, अंगठा वर केला, तेव्हा आतली नर्स गोंधळून बघत राहिली. मला मात्र तिथे उभं राहवेना. पाण्याखाली काम करणारे या खुणेने एकमेकांना ‘वर ये’ म्हणून सांगतात. हेमूनेच ती आईला शिकवली होती... हेमू वर आला नाही. घरात चहा पिता पिता मेंदूत रक्तस्राव झाला आणि दुसऱ्या दिवशी माझा मित्र गेला. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

हेमू आणि मी बोरिवलीत एकाच मजल्यावर वाढलो. त्याचे वडील मालवणकडे मासेमारीच्या ट्रॉलरवर होते. एका वादळात गेले ते परतलेच नाहीत. काकू पोराला घेऊन मुंबईला भावाकडे आल्या त्या समुद्राशी कायमची कट्टी करूनच. घरात बांगडा चालायचा, पण चौपाटीचं नाव काढायची सोय नव्हती. आणि या पठ्ठ्याने नोकरी धरावी कुठे? गोराईच्या खाडीपलीकडच्या थीम पार्कात, मत्स्यालयाच्या अवाढव्य टाकीत! पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून उतरायचं, काचेवरचं शेवाळ घासायचं, माशांना भरवायचं आणि काचेला नाक लावून उभ्या पोरांना हात करायचा. “आये, टाकी आसा ती, समुद्र न्हय,” त्याने परोपरीने सांगितलं. काकूंचं उत्तर तयार होतं, “पाणी खारट आसा मां? मगे समुद्रच.” त्यांनी अबोलाच धरला. एरवी साऱ्या जगाची टिंगल करणाऱ्या हेमूचं जेवणावरून लक्ष उडालं. मला म्हणाला, “आई नाहीच म्हणाली ना, तर सोडून देईन यार. पण पाण्यात उतरलो की मला जे वाटतं ना, ते दुसरीकडे कुठे मिळणार, सांग ना!”

शेवटी काकू एकदा बघायला तयार झाल्या. आदल्या संध्याकाळी हेमूने त्यांना खुणा शिकवल्या. दुसऱ्या दिवशी टाकीत माशांना भरवण्याचा कार्यक्रम ऐन रंगात आला होता, पोरं टाळ्या पिटत होती, आणि काकू गर्दीतून वाट काढत थेट काचेपाशी गेल्या. अंगठा वर! हेमूने क्षणभर पाहिलं, हातातलं खाद्य जोडीदाराकडे दिलं आणि सावकाश वर गेला. लोक हिरमुसले, सुपरवायझर खवळला. हेमू निथळत्या अंगाने खाली धावत आला. “काय झाला गो?”

“काय नाय. बोलवल्यार येतंस काय, ता बघलंय. जा आता कामाक.”

नवऱ्याला त्यांना परत बोलावता आलं नव्हतं. मुलगा बोलावल्यावर येतो, एवढं त्यांना पुरलं. त्या दिवसापासून त्याचा डबा पुन्हा त्याच भरू लागल्या, आणि खाडीच्या बोटीत नीट बस म्हणून बजावूही लागल्या.

परवा त्यांच्याकडे गेलो. बाल्कनीत हेमूचा पाण्यात घालायचा काळा रबरी सूट टांगलेला होता. उन्हाने रबर खराब होतं म्हणून काकू तो दिवसभर सावलीत सरकवत राहतात. कुणाच्या तरी उपयोगी पडेल, देऊन टाका, असं म्हणणार होतो. पण दात आवळून, श्वास रोखून नुसता उभा राहिलो. काकूंनी सूट सरकवला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “श्वास धरून रवू नको रे. हेमू सांगी, खाली आसताना श्वास कधी धरूचो नाय... सोडीत रवाचो.”

आणि हॉस्पिटलात एकदाही न रडलेल्या काकू त्या सुटाची बाही धरून रडायला लागल्या.