चेहरा वहिनींचा, अंग अक्काचं

मी शाळेत चित्रकला शिकवायचो. डोळ्यांना दिसतं तेवढंच कागदावर काढा, हे पोरांना ओरडून सांगण्यात नोकरी सरली. त्यामुळे भुतंखेतं, भास वगैरे विषय निघाला की मी सरळ उठून चहा टाकायला जायचो. आता तुम्हीही जाल... हरकत नाही.

नशिराबादजवळ हायवेला एक मंगल कार्यालय आहे. त्याचे मालक, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, भलते हौशी. नेटवर त्यांना अठराव्या शतकातल्या एका युरोपियन राणीचं चित्र सापडलं. त्या काळी तिकडच्या राजघराण्यांना तुर्की पोशाखाचं खूळ लागलं होतं. सोंगं घेऊन नाचायच्या मेजवान्या असत. तिथे मोत्यांचा फेटा आणि केसाळ किनारीचा झगा घालून मिरवायचं, आणि मग त्याच थाटात चित्र काढून घ्यायचं. भाऊंना कार्यालयासाठी हुबेहूब तसंच हवं होतं, फक्त चेहरा त्यांच्या बायकोचा, वहिनींचा.

वहिनींना बसायला वेळ कुठला! मी म्हटलं, काही बिघडत नाही, चेहरा फोटोवरून होईल. त्या राण्या तरी कुठे बसायच्या? पुष्कळदा पोशाख दुसऱ्याच कुणाच्या अंगावर चढवून चित्र पुरं करायचे, राणीचा फक्त चेहरा.

माझ्यासाठी बसली माझी थोरली बहीण. अक्का धरणगावहून माझ्याकडे जळगावला राहायला आली होती. नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्याकडून झगा आणला, किनारीला जुन्या ब्लँकेटची पट्टी लावली आणि तिला लोडाला टेकवून बसवलं. अक्का काय खूश! आरशात बघून म्हणाली, "राणीनं आंग मनं, तोंड दुसरीनं! मंग मनं तोंड कव्हय काढशी रे बाबा?"

"काढू गं तुझाही चेहरा, सवडीनं," मी म्हटलं.

चित्र झालं, कार्यालयात लागलं, भाऊंनी पेढे वाटले. आणि त्याच थंडीत अक्का झोपेतच गेली. सवड काही झाली नाही.

उन्हाळ्यात चित्राला वॉर्निश द्यायला कार्यालयात गेलो. भर दुपार, लग्न नव्हतं. झाडलोट करणाऱ्या मावशी शिडीपाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, हाई झगावाली बाई कोन शे? रोज दुपारले त्या सोफावर बठेल दिखस."

"वहिनी असतील," मी हसून म्हटलं.

"वहिनीले मी वळखत नही का? हाई दुसरी शे. हसनी का गालले खळी पडस. माले इचारस — उठू का आते? पायस्ले मुंग्या उन्यात."

मी शिडीवरच बसलो. पायांना मुंग्या आल्या, उठू का आता — अक्का हे रोज विचारायची. मी म्हणायचो, थांब, बाही राहिलीय. तेव्हा घरात आम्ही दोघंच असायचो, आणि मावशींनी अक्काला कधी पाहिलंही नव्हतं.

आणि खळी? अक्काला खळी पडायची? मला आठवेना! भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "काय विचारता मामा! आई हसली की पडायचीच ना." रोज दुपारी समोर बसणारी बहीण, आणि मी तिला गळ्याखालीच पाहत होतो. याची लाज वाटते, अजून वाटते.

मावशी गेल्यावर सोफ्यासमोर उभा राहिलो. सोफा रिकामा. तरी म्हणालो, "ऊठ अक्का. झालं चित्र."

त्यानंतर ती मावशींना दिसली नाही. मला तर कधीच दिसली नव्हती. भाऊ म्हणतात, मास्तर, वय झालं. मुलगा म्हणतो, योगायोग. असेलही... पण मावशींना ते वाक्य कुठून कळलं, हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.

हल्ली अक्काचे फोटो समोर घेऊन तिचा चेहरा काढायला बसतो. प्रत्येक फोटोत ती ओठ मिटून, ताठ. खळी कुठेच नाही. मग वाटतं, ऊठ म्हणायची फार घाई केली मी. आधी म्हणायला हवं होतं — अक्का, जरा इकडे बघ.