उंबऱ्यावरची काव

दगड पाहायला माणसं गावोगाव हिंडतात, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. तोवर दगड म्हणजे घरातला पाटा-वरवंटा, नाहीतर मोठ्या देवळातला नंदी. तंजावूरच्या भोवतालची जमीन पोळपाटासारखी सपाट. कालवा, भात, नारळ आणि पुन्हा कालवा. ज्या जमिनीत भात पिकत नाही ती जमीनच नव्हे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

अशी एक नापीक जमीन वल्लमला होती. तंजावूरहून तिरुचीच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात हिरवं संपायचं आणि तांबडं सुरू व्हायचं. पावसाने चिरून चिरून ठेवलेला तो माळ होता. शेळ्या चारणारे सोडले तर तिकडे कोणी पाय ठेवत नसे. म्हणून जेव्हा तिरुचीच्या रेल्वेत असलेल्या माझ्या मामाने निरोप आणला, की पुण्याकडचे दोघे जण येत्या रविवारी वल्लमचे दगड पाहायला येताहेत आणि जेवायला आपल्याकडे असतील, तेव्हा माझ्या वडिलांनी हातातला कॉफीचा लोटा खाली ठेवला.

"दोघे कोण?" त्यांनी विचारलं.

एक मुलगा होता आणि एक त्याचा काका. मुलगा सरकारच्या भूगर्भ खात्यात, काही महिन्यांसाठी तिरुचीला आलेला. आपल्यातलाच आणि बिनलग्नाचा. काका त्याला भेटायला म्हणून तिकडून आले होते.

मामा गेल्यावर वडील आईला म्हणाले, "तेथें काय आहे म्हणोन पाहावयास येतील? गवत देखील उगवत नाहीं. दगड हें निमित्त. मुलगी पाहावयास येताहेत."

"मग सरळ सांगावयास काय झालें?"

"तिकडचीं माणसें भिडस्त असतात."

आमच्या घरात कोणीही तिकडची माणसं जवळून पाहिलेली नव्हती, त्यामुळे ती कशी असतात हे वडिलांना अगदी बरोबर ठाऊक होतं. ते शाळेत गणित शिकवत. आधी उत्तर धरायचं आणि मग रीत त्याला जुळवायची, असं त्यांचं गणित निदान घरात तरी चालायचं.

त्यांना हसणं सोपं आहे, पण त्यांच्या जिवाला घोर होता. राजवाड्यामागच्या गल्ल्यांत, मराठी राजांच्या काळापासून राहिलेली, आमची मराठी घरं मोजकी. त्यातली अर्धी नात्यातली, उरलेल्यांत मुलगे लहान किंवा बोहल्यावर चढून मोकळे झालेले. माझं शाळेचं शिक्षण संपून बरेच दिवस झाले होते. मी घरात होते, खात होते, आईशी भांडत होते. या रविवारी माझं ठरलं नाही तर पुन्हा असा रविवार केव्हा येणार, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मलाही ते ठरायला हवं होतं. उगीच नाकं कशाला मुरडू?

ते आले सकाळच्या बसने. काकांच्या डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. मुलाच्या खांद्याला खाकी पिशवी आणि पिशवीतून बाहेर डोकावणारा हातोडीचा दांडा. आईने स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, "मुलगी पाहावयास हातोडी कशास आणली?" मी काय सांगणार? मला तिने मोरपंखी रेशमी साडी नेसवली होती, डोक्यात कनकांबराचा, म्हणजे अबोलीचा, गजरा माळला होता, आणि त्या वेषात मी दगड पाहायला जाणार होते. मला कोणी गायला सांगितलं नाही. कोणी काही विचारलंही नाही. काकांनी इडल्या खाल्ल्या, कॉफी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, उन्हं चढायच्या आत निघू या."

वल्लमला उतरून आम्ही काजूच्या झाडांमधून चालत गेलो. वडिलांच्या हातात चिंचेच्या भाताचा डबा, आईच्या हातात पाण्याचा तांब्या. झाडं संपली आणि पायाखालची जमीन एकाएकी खाली गेली.

मी थांबले. जमीन इतकी खोल असू शकते हे मला माहीत नव्हतं. समोर तांबड्या दगडाच्या भिंती उभ्या होत्या आणि त्यांच्या मधून माणूस जाईल एवढ्या बोळी. कुठे एकेकटे खांब राहिले होते आणि प्रत्येकाच्या माथ्यावर एकेक गोटा, जशा बायका डोक्यावर घागर घेऊन नळावर उभ्या असतात. भिंतींना आडवे पट्टे होते, विटकरी, पिवळे, मध्येच खडूसारखे पांढरे, एके ठिकाणी तर चक्क जांभळा. खाली मात्र मऊ वाळू, कावेरी आटली की उघडी पडते तशीच. मला ते सुंदर वाटलं, आणि सुंदर वाटल्याचा रागही आला. जन्मभर लोक म्हणत होते की तिकडे काही नाही.

आई-वडील काजूच्या सावलीत बसले. मुद्दामच बसले. वडिलांनी मला मानेने खूण केली, जा. मी काकांच्या मागून बोळीत शिरले.

मुलगा भिंतीला हात लावून सांगत होता, "हे सगळं पाण्याचं काम. फार पूर्वी नदीने वाळू आणून टाकली, तिचा दगड झाला. आता पाऊस त्या दगडाची पुन्हा वाळू करतोय."

"मग मिळालें काय?" मी विचारलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मग मोठ्याने हसला. मला वाटलं, झालं, नापास. पण तो म्हणाला, "हे आमच्या साहेबांना विचारायला हवं."

त्यानंतर तो माझ्याशीच बोलत राहिला. त्याचं निम्मं मराठी मला कळत नव्हतं, माझं निम्मं त्याला. तो भराभर बोले आणि शब्दांची शेपटं गिळून टाकी. मी आमच्याकडची मान हलवत होते, दोन्ही खांद्यांकडे, म्हणजे होय. त्याला ते नाही वाटत असावं, कारण तो प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत होता. मला दोनदा ऐकायला आवडत होतं.

एका वळणावर त्याने खाली पडलेला एक दगड हातोडीने फोडला. बाहेरून मळकट, आतून कुंकवाच्या ओल्या करंड्यासारखा लाल. त्याने अर्धा माझ्या हातात ठेवला. "घ्या. इतका चांगला रंग मलाही पहिल्यांदाच मिळालाय. जपून ठेवा." मग म्हणाला, "आमच्याकडे सगळा काळा दगड. तुम्ही या की एकदा तिकडे, डोंगर दाखवतो."

या की एकदा तिकडे. आता मला ठाऊक आहे की तिकडे हे वाक्य दारात उभं राहून रोज कोणाला ना कोणाला म्हणतात आणि म्हटल्याक्षणी विसरतात. त्या दिवशी मला हे कोण सांगणार? माझे पाय वाळूत रुतले. तो मला आवडला होता, अगदी स्पष्ट सांगायचं तर फार आवडला होता, आणि माझ्याआधी त्यालाच ते कळलं की काय, असं मला वाटलं.

संध्याकाळी आमच्या घरून ते निघाले तेव्हा मी काकांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कल्याण होवो, पोरी."

वडिलांनी आईकडे पाहिलं, आईने देवाकडे. आमच्या घरात कल्याण म्हणजे लग्न. शेजारचे तमिळ लोक कल्याणम् म्हणतात, आम्ही कल्याण म्हणतो; लग्न हा शब्द आमच्याकडे फक्त पत्रिकेत भेटायचा. इतक्या वडीलधाऱ्या माणसाने, मुलाच्या काकाने, मुलाच्या देखत, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून कल्याण होवो म्हटलं, म्हणजे आता राहिलं काय?

"भिडस्त माणसें," वडील पुन्हा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर पाट्याचा आवाज येत होता. आई माझा दगड वाटत होती. मी ओरडले तर ती शांतपणे म्हणाली, "वेडे, त्यांनीं दिला तो कशास? कावेस दिला." आणि तिने ती काव, म्हणजे गेरू, पाण्यात कालवून उंबऱ्याला लावली, दारातल्या रांगोळीभोवती रुंद तांबडी रेघ ओढली. सणवार नसताना अशी रेघ दिसली की आमच्या गल्लीला दुसरं काही सांगावं लागत नाही. दुपारपर्यंत चार बायका येऊन विचारून गेल्या, कल्याणम् कधी? आई नुसती हसली. मला दगडाचं वाईट वाटलं, पण खरं सांगते, हसू मलाही आलं.

मग काहीच झालं नाही. निरोप नाही, पत्र नाही. रांगोळी रोज नवी निघत होती, उंबरा तांबडा तो तांबडाच. शेवटी वडिलांनी विडे, नारळ, खडीसाखर पिशवीत घातली, इस्त्रीची वेष्टी नेसले आणि तिरुचीला गेले. बोलणी करून दिवस धरायचा होता.

परत आले ते दिवेलागणीला. वेष्टी चुरगळलेली, चेहरा उन्हाने काळवंडलेला, पिशवी रिकामी. पाय न धुताच ओसरीवर बसले.

"काकांनीं दार उघडलें," ते म्हणाले. "फार आनंदले. म्हणाले, मास्तर, बरें झालें आलांत, तोंड गोड करा. याचें लग्न ठरलें. तिकडून तार आली."

आईने विचारलं, "मग आपण काय म्हणालांत?"

"त्यांनीं विचारलें, इतक्या लांब कसे आलांत? मी म्हटलें, मलैकोट्टैचा दगड पाहावयास आलों. नारळ, खडीसाखर मुलाच्या हातीं दिली. आशीर्वाद दिला. आणि मग चढलों. तोंडांतून गेलें होतें ना. खोटें कशास करावें?"

माझ्या वडिलांचे गुडघे दुखायचे. मलैकोट्टै, तिरुचीच्या मधोमधली ती उभ्या खडकाची टेकडी, ते चढून, उतरून आले होते.

आई काथ्या आणि पाणी घेऊन बाहेर गेली आणि उंबरा घासायला लागली. काव निघत नव्हती, पसरत होती. मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. मला राग आला होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. त्या दोघांनी आम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. ते दगड पाहायला येतो म्हणाले आणि दगड पाहून गेले.

"मजविषयीं कांहीं निघालें?" मी विचारलं.

"मुलगा रस्त्यापर्यंत पोंचवावयास आला," वडील म्हणाले. "म्हणाला, त्यांना दिलेला दगड आहे ना जपून?"

हे त्याने का विचारलं असेल? नुसत्या दगडाच्या लोभाने, का पुढे बोलायला दुसरं काही सुचलं नाही म्हणून, का आणखी कशाने? मी कितीदा ते उलटून पालटून पाहिलं. पुढे माझं लग्न ओरत्तनाडूला झालं, संसार झाला, मुलं झाली, तरी माझा निकाल लागलेला नाही.

"मग तुम्हीं काय सांगितलेंत?"

वडिलांनी दाराकडे पाहिलं. "म्हटलें, आहे. उंबऱ्यावरच आहे."

आईने काथ्या खाली ठेवला.